वाट पाहून जेवावे

जेवावे कसे, हा प्रश्न आपल्याकडे डॉक्टरांचा मानला जातो. काय खावे, किती खावे, केव्हा खावे हे त्यांनी सांगायचे आणि आपण जमेल तसे पाळायचे. उपवासकाळात धर्मगुरूंनाही या प्रश्नात थोडा वाटा मिळतो. राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी एकवेळचे जेवण केले, शुक्रवारी मांस वर्ज्य केले की पुढील वर्षापर्यंत आपला आत्मा जेवणाच्या टेबलापासून मोकळा होतो. नीतीचे प्रश्न न्यायालयात, बाजारात, फार तर दवाखान्यात उद्भवतात. स्वयंपाकघरात फक्त फोडणीचे प्रश्न असतात, अशी माझीही समजूत होती. ती कशी मोडली, ते सांगण्यासाठी हा लेख.

शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी माझ्या रक्तात साखर आढळली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सोबत तीन नियम दिले : रात्री साडेसातच्या आत जेवा, सावकाश जेवा आणि जेवताना टीव्ही व मोबाईल बंद ठेवा. पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण वीस मिनिटे लागतात. भराभर जेवणारा माणूस ही वर्दी येण्याआधीच गरजेपेक्षा अधिक खाऊन बसतो, असे त्यांनी समजावून सांगितले. मास्तरकीच्या सवयीने मी या विषयावर वाचन सुरू केले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली रुग्णांसाठी सुरू केलेल्या उपक्रमात एकच मनुका हातात देऊन ती पाहायला, हुंगायला आणि मग अतिशय सावकाश चावायला शिकवत, हे वाचून मला नवल वाटले. मी तो प्रयोग तांदळाच्या भाकरीवर केला. आणि खरोखरच, साठ वर्षे खाल्लेल्या भाकरीला स्वतःची एक गोडी आहे, ती कालवणाच्या आड दडलेली असते, हे मला त्या दिवसांत प्रथम उमगले. साखर आटोक्यात आली, मनालाही स्वस्थता आली.

आमच्या आळीतील ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत मी या विषयावर दहा मिनिटे बोललो. लोकांना ते आवडले. घरी परतताना माझी पत्नी म्हणाली, "अहो, छान बोललात. पण तुम्ही एवढ्या ध्यानाने जेवत असता, तेव्हा मी कुठे असते, हे कधी तुमच्या ध्यानात आले का?"

मला उत्तर द्यायचे होते, पण ते नव्हते. मला भाकरी गरम लागते. गोडी कळायची तर ती तव्यावरून थेट ताटात यायला हवी. मी पहिली भाकरी वीस मिनिटे पुरवून खाणार, तोवर ती दुसरीसाठी ओट्याशी उभी. जेवताना काय काय जाणवते याची मी बैठकीत यादी सांगितली होती : रंग, वास, ऊब, चव. त्या यादीत तव्याशी उभे असलेले माणूस नव्हते.

त्या रात्रीपासून प्रश्न डॉक्टरांचा राहिला नाही.

लक्षपूर्वक जेवणे चांगले, यात शंका नाही. परंतु लक्ष कशाकडे? माझ्या जिभेकडे, माझ्या जठराकडे, माझ्या साखरेकडे दिलेले लक्ष हेदेखील शेवटी माझ्याकडेच दिलेले लक्ष असते. अधाशी माणूस स्वतःच्या भुकेत बुडालेला असतो. मी स्वतःच्या संयमात बुडालो होतो. दोघांच्याही ताटापलीकडे कोणी नव्हते.

ख्रिस्तसभेच्या जुन्या गुरूंना ही गोष्ट आपल्यापेक्षा बारकाईने कळली होती. खादाडपणा म्हणजे फार खाणे, एवढेच आपण धर्मशिक्षणात शिकतो. सहाव्या शतकात थोर पोप ग्रेगरी यांनी त्याचे पाच प्रकार सांगितले आणि तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात ते स्वीकारून त्यांची चिकित्सा केली. वेळेआधी खाणे, फार खर्चिक खाणे, फार जास्त खाणे, अधाशासारखे खाणे आणि अन्नाच्या तयारीबाबत फाजील चोखंदळ असणे, असे ते पाच प्रकार. यांपैकी प्रमाणाशी संबंध फक्त एकाचा आहे. उरलेल्या चारांत माणूस मोजकेच खाऊनही दोषी ठरू शकतो. ग्रेगरींनी एसावाचे उदाहरण दिले आहे : त्याने आपला ज्येष्ठत्वाचा हक्क विकला, तो पक्वान्नासाठी नव्हे, साध्या डाळीच्या कालवणासाठी. दोष अन्नात नसतो, ओढीत असतो. ही यादी वाचताना पाचव्या प्रकारापाशी मी थांबलो. एकेक गरम भाकरी मागणारा मी तिथे सापडलो. पहिल्या प्रकाराकडे मात्र मी तेव्हा नीट पाहिले नाही. त्याची पाळी पुढे येणार होती.

त्याच वर्षी पावसाळ्यात मागच्या अंगणात घसरून पत्नीचे उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. मुलगा आणि सून पहाटे लोकलने मुंबईला जाणारे, रात्री नऊ-साडेनवाला परतणारे. स्वयंपाकघर माझ्याकडे आले. ती स्टुलावर बसून सांगे आणि मी करी.

पहिली शिकवण भाकरीने दिली. पिठाइतके पाणी, चिमूटभर मीठ, पाण्याला आधण आले की पीठ टाकून झाकण ठेवायचे, मग ती उकड गरम असतानाच मळायची. गार होऊ दिली तर भाकरी चिरते. म्हणजे हात भाजणे हा त्या कृतीतला अपघात नसून कृतीचाच भाग आहे. ही गोष्ट मला साठ वर्षांत ठाऊक नव्हती. माझ्या आईचे तळवे सदैव लालसर असत, ते शेतीच्या कामाने, असे मी समजत होतो. पहिल्या आठवड्यात माझी एकही भाकरी फुगली नाही. वरच्या अंगाला पाणी फिरवून ती नेमकी केव्हा उलटायची, हे घड्याळात पाहून कळत नाही. पाणी सुकू लागल्याची छटा ओळखावी लागते. मनुका चावताना लागत नाही इतके लक्ष तिथे लागते आणि त्या लक्षाचे फळ दुसऱ्याच्या ताटात जाते.

हळूहळू पेज, डाळ, शेवग्याच्या शेंगा, सुक्या बोंबलाचे कालवण इथवर माझी मजल गेली. बोंबील आधी थोडे भाजून, गरम पाण्यात धुऊन घ्यायचे, नाहीतर वाळू दाताखाली येते. आंबट शेवटी घालायचे, नाहीतर बटाटा शिजत नाही. बाटली मसाला हातात येईल तेवढा नव्हे, माणसे मोजून घालायचा. या सूचना मी वहीत लिहून ठेवल्या आणि त्या वाचताना असे ध्यानात आले की, प्रत्येक सूचना कोणाच्या तरी सुखदुःखाविषयी आहे. कोणाच्या दाताखाली वाळू येऊ नये, कोणाला तिखट सोसत नाही, कोणाला उशीर होणार आहे. स्वयंपाक म्हणजे अनुपस्थित माणसांचे स्मरण.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक आचारी होऊन गेले. त्यांना स्वयंपाकघराची मुळातच नावड होती. तरीही वर्षानुवर्षे त्यांनी तेच काम केले आणि मंदिरात गुडघे टेकून जसे देवाच्या सान्निध्यात असावे तसेच भांड्यांच्या खडखडाटातही असता येते, अशी त्यांची अनुभूती होती. त्यांच्या आधी सोळाव्या शतकात आविलाच्या संत तेरेजा यांनीही आपल्या भगिनींना सांगितले होते की, आज्ञेने स्वयंपाकघरात जावे लागले तर खंत करू नका. तिथल्या भांड्याकुंड्यांतही प्रभूचा वावर असतो. मी हे पूर्वी प्रवचनांतून ऐकले होते. परंतु मला खरा धक्का दिला तो संत बेनेडिक्ट यांच्या नियमाने. सहाव्या शतकातील हा नियम सांगतो की, मठातील बंधूंनी आळीपाळीने आठवडाभर स्वयंपाक आणि वाढप करावे. आजारपण वा तितक्याच महत्त्वाच्या कामाशिवाय कोणाला त्यातून सूट नाही. आठवडा संपला की भांडी धुऊन, मोजून परत करावीत. आणि त्यात एक छोटीशी तरतूद आहे : वाढपाची पाळी असलेल्यांना जेवणाच्या तासभर आधी थोडी भाकर आणि पेय जास्तीचे द्यावे, म्हणजे त्यांना कुरकुर न करता सेवा करता येईल.

वाढणाऱ्यालाही भूक असते, हे सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी एका संन्याशाच्या ध्यानात आले होते. माझ्या आईने मात्र आयुष्यभर सर्वांच्या मागून, उरले-सुरले आणि निवलेले खाल्ले आणि आम्ही तिच्या त्यागाचे कौतुक करत राहिलो. कौतुक करणे सोपे होते, कारण त्यामुळे उठावे लागत नव्हते. ही केवळ आमच्या घरची गोष्ट नव्हे. भारत सरकारने २०१९ साली केलेल्या वेळ-वापर पाहणीत असे दिसले की, घरातील विनामोल कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७ मिनिटे. अशी कामे करणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच मुळात शंभरात २६ होते.

येथे एक विचार मला पुनःपुन्हा येतो. मिस्साबलिदानात आपण वेदीवर काय नेतो? गहू नेत नाही, द्राक्षे नेत नाही. भाकर आणि द्राक्षारस नेतो. धान्य देवाने दिले, पण ते कोणीतरी दळले, मळले, भाजले. अर्पणाच्या वेळी धर्मगुरू जी प्रार्थना म्हणतात, तिच्यात मातीच्या देणगीबरोबर माणसाच्या श्रमांचाही उल्लेख आहे, तो यासाठीच. प्रभू येशूने आपले शरीर म्हणून रानातले फळ निवडले असते तर कोणी त्याला अडवले नसते. त्याने निवडला तो शिजवलेला, भाजलेला, कोणाच्या तरी हाताची ऊब लागलेला पदार्थ. मग त्या हातांकडे न पाहता भाकरीला वंदन करणे पुरेसे आहे काय?

मनगट बरे झाले. आता भाकऱ्या आम्ही आलटून-पालटून करतो आणि करणाऱ्यासाठी गरम भाकरी राखून ठेवतो. येथे लेख संपवता आला असता, परंतु प्रश्न अजून शिल्लक होता.

एका रात्री पाणी प्यायला मी उठलो. सून नुकतीच आली होती. मुलगा त्या दिवशी रात्रपाळीला होता. ती ओट्याशी उभी राहून, पातेल्यातूनच भात कालवून खात होती आणि दुसऱ्या हातात मोबाईल. माझ्यातला वक्ता जागा झाला. बसून, शांतपणे, मोबाईल बाजूला ठेवून जेवावे, हे तिला सांगायला मी पुढे झालो. तेवढ्यात तिने वर पाहिले आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही झोपला नाहीत? मी आपली पटकन आटपते. एकटीसाठी कुठे ताट घ्यायचे?"

मी काहीच बोललो नाही. खोलीत आलो आणि मला करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय आठवला. करिंथमध्ये भाविक प्रभुभोजनासाठी जमत. पण काही जण आधीच आपापले खाऊन-पिऊन घेत आणि इतर उपाशी राहत. उशिरा येणारे हे लोक दिवसभर राबणारे गुलाम आणि मजूर असावेत, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. संत पौल संतापतात. अन्न अशुद्ध होते, फार होते किंवा महाग होते, अशी त्यांची तक्रार नाही. तुम्ही थांबला नाहीत, ही त्यांची तक्रार आहे. भोजनाला एकत्र येता तेव्हा परस्परांची वाट पाहावी, हा त्यांचा उपदेश इतका साधा आहे की आपण तो धर्मशास्त्र म्हणून वाचतच नाही. ग्रेगरींच्या यादीतला पहिला प्रकार, वेळेआधी खाणे, मला त्या रात्री वेगळाच दिसला. वेळ कोणाची? माझ्या गोळीची साडेसातची वेळ हीच घराची वेळ, असे मी धरून चाललो होतो. दिवसभर राबून येणारीच्या वाट्याला करिंथचा उरलेला भात.

येथे कोणी म्हणेल, मग मधुमेही माणसाने दहापर्यंत उपाशी राहावे काय? नाही. शरीरही देवाचे देणे आहे आणि औषधाची वेळ चुकवण्यात पुण्य नाही. सर्वांना एकाच वेळी जेवता येईल, असे आयुष्य आता पुष्कळ घरांना लाभत नाही. पाळ्या, गाड्या, परीक्षा यांनी घराचे घड्याळ फोडले आहे. परंतु वाट पाहणे म्हणजे उपाशी राहणे नव्हे. आम्ही एवढेच केले : मी आणि पत्नी वेळेवर जेवतो, पण मुले आली की कालवण गरम करून, ताट मांडून त्यांच्यासोबत बसतो. माझ्यापुढे ताकाचा पेला असतो. ती दोघे जेवतात, गाडीतल्या गर्दीचे, कचेरीतल्या कटकटीचे सांगतात. मोबाईल बंद करा, असे मी कधीही म्हटले नाही. समोर बोलायला माणूस असले की तो आपोआप बाजूला राहतो. सावकाश जेवण्याचा सर्वात जुना उपाय सोबत हाच असावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यांना जेवायलाच मिळत नाही, त्यांच्या जगात जेवण्याच्या रीतीची चर्चा म्हणजे भरल्या पोटीचे चोचले नव्हेत काय? हा आक्षेप मला टाळता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून. भुकेने ग्रासलेल्यांची संख्या त्याच अहवालात ७८ कोटींवर आहे. हॉटेले, दुकाने यांच्याकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्या फ्रीजमधला तीन दिवसांचा डबा आपण पाहायला हवा. आपल्या लग्नाच्या मांडवातील अर्धी ताटे कुठे जातात, तेही पाहायला हवे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ५ जून २०१३ रोजी, जागतिक पर्यावरणदिनी, अन्न फेकणे हे गरिबाच्या ताटातून चोरण्यासारखे आहे, असा आशय मांडला होता. चोरी हा शब्द कठोर वाटतो. पण ज्याच्याकडे लक्षच नाही, त्याचे नुकसान आपण करत आहोत, हे आपल्याला कळणार तरी कसे?

म्हणून उत्तर असे की, लक्षपूर्वक जेवणे माझ्या ताटापाशी थांबले तर तो चोचला आहे. ताटामागच्या हातांपर्यंत आणि रिकाम्या ताटापर्यंत पोहोचले तर ती न्यायाची सुरुवात आहे. पाच भाकरींच्या चमत्कारानंतर योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगतो आणि बारा टोपल्या भरतात. ज्याला पाचांतून पाच हजारांना जेवू घालता येते, त्याला तुकड्यांची काय गरज? पण विपुलतेतही वाया घालवण्याचा हक्क मिळत नाही, एवढे तो शिकवून गेला. आमच्या घरी आता तांदूळ वाटीने मोजून घेतात, आदल्या दिवसाचा भात सकाळी फोडणीचा होतो आणि महिन्याच्या शेवटी जे वाचते ते धर्मग्रामाच्या मदतपेटीत जाते. रक्कम फार नसते. माझ्या या व्यवस्थेने जगाची भूक भागत नाही, हे मी जाणतो. ती निदान मला विसरू देत नाही.

याचा अर्थ जेवण म्हणजे सतत अपराधाची जाणीव, असाही नव्हे. स्वतः प्रभूवर लोकांनी खादाड आणि मद्यपी असा ठपका ठेवला होता. काना गावातील लग्नात त्याने सहा रांजण भरून द्राक्षारस दिला. सणाला सण साजरा व्हावा, फुगे तळले जावेत, पाहुण्याला आग्रह व्हावा. फक्त ते तळणाऱ्यांनाही पंगतीत बसायला मिळावे.

मार्था आणि मरिया यांची गोष्ट आपण अनेकदा ऐकतो आणि स्वयंपाकात गुंतलेल्या मार्थेला प्रभूने दिलेला शब्द आपल्या लक्षात राहतो. त्या गोष्टीचे उत्तर मला योहानाच्या शेवटच्या अध्यायात सापडते. रात्रभर जाळे टाकूनही काही न मिळालेले, थकलेले, काही दिवसांपूर्वीच त्याला सोडून पळालेले शिष्य पहाटे किनाऱ्याला लागतात. पुनरुत्थित प्रभूने तोवर कोळशाचा विस्तव पेटवला आहे, त्यावर मासे ठेवले आहेत, भाकर आहे. मृत्यूला जिंकून आलेला प्रभू न्याहारी करून त्यांची वाट पाहत बसला आहे. पेत्राला प्रश्न विचारायचे आहेत, ते तो न्याहारीनंतर विचारतो. आधी जेवा, असे त्याचे म्हणणे.

काल रात्री गाड्या उशिरा धावत होत्या. सव्वादहा वाजले. मी भाकऱ्यांची उकड काढून झाकून ठेवली होती, तीही गार होऊ लागली. फाटक वाजले तेव्हा पत्नीने तवा ठेवला आणि मी ताटे मांडली.